साक्षीत गाळलेलं एक वाक्य

आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "काका, मासिकासाठी तुमची साक्ष लिहून द्या. बरे झाल्याची. आजारी माणसांना धीर येईल."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे चारचौघांसमोर उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. पनवेलच्या आमच्या लहानशा मंडळीत माझ्याइतक्या साक्षी कोणी दिल्या नसतील. तळोजाच्या कारखान्यात मी फोरमन होतो. मशीनवर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे मला चर्चमध्ये माइक लागत नसे. आता माझं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं आणि जीभ एका बाजूने शिवलेली आहे. मी बोलतो ते एकाच माणसाला नीट कळतं. म्हणून लिहितो.

बरा झालो हे खरं. उजव्या गालाच्या आत झालेला कॅन्सर काढला, रेडिएशन झालं, आणि मागच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सध्या स्वच्छ आहे." पण पाळकसाहेबांना हवी आहे तशी साक्ष ही होणार नाही. धीर हवा असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. मधला भाग माझ्या लाजेचा आहे, आणि तोच मोठा आहे.

लवंग

माझी आई मशेरी घासायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि त्या भुकटीने सकाळी दात घासायची. लहानपणी माझी दाढ दुखली तेव्हा तिने बोटावर घेऊन माझ्या हिरडीला लावली. दाढ थांबली. मशेरी थांबली नाही.

लग्न करून मी पनवेलला आलो आणि काही वर्षांनी मंडळीत पंच झालो. पंच म्हणजे पाळकांच्या बरोबरीने मंडळीचं बघणारी चार-पाच माणसं. कोण कसा वागतो, प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला कोणाला द्यायचा, कोणाला काही काळ दूर ठेवायचं, हे आम्ही ठरवायचो. व्यसनाच्या बाबतीत सगळ्यांत कडक मी. दारू प्यालेल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं आहे, आणि त्याची बायको रडत असताना तिला शास्त्र समजावलं आहे.

आणि घरचे उठायच्या आत, रोज, मी न्हाणीघराची कडी लावून मशेरी घासत होतो. लाल दंतमंजनाच्या डब्यात ती ठेवायचो. पळस्प्याच्या एका टपरीवरून आणायचो, कारण त्या बाजूला मंडळीतलं कोणी राहत नव्हतं. घासून झाली की चुळा भरायच्या, मग खऱ्या मंजनाने दात घासायचे, मग तोंडात लवंग. लवंग दिवसभर. रविवारच्या शाळेतली मुलं मला लवंगवाले आजोबा म्हणायची आणि मी खिशातून त्यांनाही एकेक द्यायचो. एकदा एक बाई साक्षीत म्हणाल्या, "काका आमच्या घरी प्रार्थनेला येऊन गेले की घरात वेगळाच सुगंध राहतो." मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

निदानाचा दिवस

गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. त्याची जखम झाली आणि ती भरेना. मी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत राहिलो. माझ्या बायकोच्या, रूथच्या, लक्षात आलं की मी एकाच बाजूने चावतो. तिने सुहासला फोन केला. सुहास आमचा एकुलता एक मुलगा. तो कामोठ्याला राहतो, एसी दुरुस्तीचा त्याचा धंदा आहे. आम्हाला सणासुदीला भेटायचा, चर्चच्या पायरीवर मात्र तो कित्येक वर्षं चढला नव्हता. का, ते पुढे येईल.

त्याने मला ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने टॉर्च लावून आत बघितलं, टॉर्च बंद केला आणि मला सोडून सुहासशी बोलायला लागला. तेव्हाच मला कळलं.

खारघरच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात गेलो त्या दिवशी पाळकसाहेब स्वतःची गाडी घेऊन आले होते. खोलीत आम्ही चौघं आणि एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी गालातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट वाचला. कॅन्सर हा शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारला. मग विचारलं, "काका, तंबाखू? गुटखा, मशेरी, सुपारी, काही सवय?"

रूथ माझ्या शेजारी होती. पाळकसाहेब मागे उभे होते.

"कधीच नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या दातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जरा आठवून सांगा. आम्हाला कळणं गरजेचं असतं."

पाळकसाहेब पुढे झाले. "डॉक्टर, हे आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच आहेत. दुसरा चहा दिला तरी नको म्हणतात."

सुहास भिंतीवरचं चित्र बघत होता. त्या चित्रात तंबाखू खाऊन सडलेला एक गाल होता.

मरणाची भीती मला वाटली. पण खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो. त्या खोलीत मला मरणापेक्षा त्या प्रश्नाची जास्त भीती वाटली.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नीतिमान माणसावर येणाऱ्या संकटावर उपदेश केला. नाव घेतलं नाही, पण सगळे वळून वळून मलाच बघत होते. बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझ्यासाठी उपास धरले गेले. मी पुढच्या बाकावर बसून ते सगळं घेतलं, जसं काही माझ्या हक्काचं होतं.

सुहासचं काय झालं होतं

आमच्यात मूल मोठं झालं की त्याचं दृढीकरण होतं. ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं आणि त्यानंतर पहिल्यांदा प्रभुभोजन घेतं. सुहास त्या वर्गात होता. पाठांतरात सगळ्यांच्या पुढे. रूथने त्याच्यासाठी पांढरा शर्ट शिवून ठेवला होता.

दृढीकरणाच्या आधी पंचांची सभा भरली. त्या सभेत मी उठून म्हणालो, "माझ्या मुलाकडे तंबाखू सापडली आहे. घरचा आहे म्हणून मी लपवणार नाही. त्याचं दृढीकरण थांबवा."

सुहासला आत बोलावलं. एका पंचाने विचारलं, "कुठून आणलीस?" तो काही बोलला नाही. पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. पंच म्हणाले, पोरगा निबर आहे. दृढीकरण थांबलं. त्याच्या वर्गातली मुलं पांढऱ्या कपड्यांत पुढे गेली आणि तो मागच्या बाकावर बसला. पुढच्या रविवारी तिथेही नव्हता.

माझं मात्र नाव झालं. पोटच्या पोरालाही सोडलं नाही असा माणूस! दुसऱ्या गावच्या मंडळ्यांतून मला बोलवायला लागले. मी ती गोष्ट साक्षीत सांगायचो, सांगताना माझा आवाज भरून यायचा, आणि लोक आमेन म्हणायचे.

त्या सभेत मी असं का केलं ते शेवटी लिहितो. आत्ता लिहायला गेलो तर हात इथेच थांबेल.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी काही दिवस भरती व्हावं लागलं. कॅन्सरच्या वॉर्डात नव्याने येणाऱ्यांना एक सांगतो. पहिल्या दिवशी बाकीच्यांचे चेहरे बघवत नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी क्रिकेटवर भांडत असता.

माझ्या शेजारच्या खाटेवर उरणकडचे धर्मा नाखवा होते. जातीचे कोळी, स्वतःची होडी होती. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, नाकात नळी होती, तरी तोंडाच्या एका कोपऱ्यातून अखंड बोलायचे. त्यांच्या घरच्यांनी एकदा सिस्टरची नजर चुकवून सुकटीचं कालवण मिक्सरला लावून, गाळून नळीतून घातलं. नाखवा मला म्हणाले, "चव कुटं कलतेय! पर मंग ढेकर आला, तवा समजलं आज मासली व्हती."

मग माझ्याकडे वळून, "तुमी काय खाल्लं?"

"पेज घेतली सकाळी."

"पेज नाय वो! ह्यो रोग यायला काय खाल्लं? मी तर तमाकू खाल्ली. दर्यावर रातभर जागायचं, तमाकूबिगर व्हतच नाय. तुमचं काय?"

"काही नाही."

"काय नाय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय नाय खाता झाला? मंग तुमच्या देवाचा पत्ता चुकला वाटतं."

त्यांची बायको त्यांना दटावत म्हणाली, "गप बसा. मोठे मानूस हायत ते." मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतला एलिया भेटायला आला. रिक्षा चालवतो, गुटखा खातो. मी त्याला कितीतरी वेळा त्यावरून बोललो होतो. तो माझ्या पायाशी बसला, डोळे पुसले, आणि जाताना दाराशी सुहासला म्हणाला, "काकांनी आयुष्यात हात लावला नाही, तरी झाला. मग सोडून तरी काय फायदा, सांग ना." आणि खिशातून पुडी काढत जिन्याकडे गेला.

मला ते ऐकू आलं. सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी पांघरूण ओढून घेतलं.

पडद्याबाहेर

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले. लहान डबीत भाकर, लहान पेल्यात द्राक्षरस. सिस्टरने खाटेभोवती पडदा ओढला. रूथ होती, मी होतो. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि त्या क्षणी सुहास उठून पडद्याच्या बाहेर गेला.

त्याला कोणी जायला सांगितलं नव्हतं. तो आपणहून गेला. भाकर मोडायची वेळ झाली की बाहेर जायचं, हे त्याला मी शिकवलं होतं.

पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. पाळकसाहेब प्रार्थनेत म्हणत होते, "तुझा हा निष्कलंक सेवक..." मी ते बूट बघत होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. तेव्हा माझं तोंड धड होतं, जीभ धड होती, सगळे शब्द होते. मी भाकर घेतली. ती दुखऱ्या बाजूला अडकली आणि बराच वेळ विरघळेना.

आरसा आणि कापूस

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. जाग आली तेव्हा गळ्याला भोक होतं, नाकात नळी होती, आणि छातीवरचं मांस काढून गालाला लावलं होतं. बोलणं बंद. लाळ आपोआप गळत होती आणि मला ती कळत नव्हती. आरसा पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. माझा आवाज म्हणजेच मी, असं मी धरून चाललो होतो. आवाज गेल्यावर खाटेवर उरलेला हा कोण?

सुहासने धंदा एका मित्रावर टाकला आणि रुग्णालयातच राहिला. सिस्टरकडून तो तोंड साफ करायला शिकला. चिमट्यात कापूस धरायचा, औषधाच्या पाण्यात बुडवायचा, आणि टाक्यांना धक्का न लावता गालाच्या आतून फिरवायचा. बाहेरच्या माणसाला जवळ उभं राहवणार नाही असा वास माझ्या तोंडाला येत होता. लवंग कुठली आता! तो वाकून, श्वास न रोखता, साफ करायचा. एसीच्या जाळीतली धूळ काढतो तसा, सावकाश.

एका सकाळी तसंच चाललेलं असताना तो कापसाकडेच बघत म्हणाला, "पप्पा, मशेरीचं मी डॉक्टरांना सांगितलंय. तेव्हाच, ऑपरेशनच्या आधी. त्यांना माहीत पाहिजे म्हणून."

मी हलायला लागलो. "हलू नका, टाका तुटेल," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि मम्मीलापण माहिताय. पहिल्यापासून."

रूथ दुपारी आली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिने डबा उघडला, मुगाचं कढण ढवळलं आणि म्हणाली, "बेसिनला काळा डाग कसला पडतो हे बाईमाणसाला कळत नाही होय? रोज मीच घासत होते की." मग कढण गार झालं का ते बोट लावून पाहिलं. तेवढंच. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मी त्या खाटेवर पडून विचार केला. मी जो माणूस लपवून ठेवला होता, त्यालाच ही दोघं ओळखत होती. त्यालाच रूथने जेवू घातलं. त्याच्याच तोंडातला पू सुहास पुसत होता. मंडळी ज्याला ओळखत होती तो पंच या घरात कधी राहिलाच नव्हता. आणि देव? देवानेही त्या पंचावर कधी प्रेम केलं नव्हतं, कारण असा कोणी माणूसच नव्हता. ख्रिस्त मेला असेल तर न्हाणीघराची कडी लावून बसलेल्या माणसासाठीच मेला. कृपा हा शब्द मी हजारदा वापरला असेन. ती फुकट असते असं मी इतरांना शिकवत आलो, आणि स्वतः मात्र चांगलं नाव कमवून तिची भरपाई करत राहिलो. त्या सकाळी माझ्याजवळ भरपाईला काही नव्हतं. होती ती फक्त लाळ, आणि ती पुसणारा मुलगा.

मला शांती मिळाली असं इथे लिहायचा मोह होतो. पण आधी मिळाली ती लाज. इतकी लाज की मी रूथचा पदर तोंडावर ओढला. शांती फार नंतर आली, आणि ती अजूनही येऊन-जाऊन असते.

दुसऱ्या दिवशी नाखवांनी सवयीने विचारलं, "काय, बरं हाय?" मला बोलता येत नव्हतं. मी तर्जनी वर केली आणि हवेत, ओठांसमोर, हिरडीवर मशेरी घासल्यासारखी फिरवली.

 मग त्यांना असं हसू फुटलं की नळी हलली. "मशेरी! आरं माज्या देवा! माज्या आयशीचीपन हीच चाल! मंग आदी सांगायचं ना वो. इतं मी एकटाच येडा वाटत व्हतो."

आयुष्यातली माझी पहिली खरी साक्ष ती. एका बोटाने दिलेली.

"माझा आवाज पाहिजे?"

घरी आल्यावर रेडिएशन सुरू झालं. त्या काळात तोंड आतून सोलून निघतं. ज्यांचं चालू असेल त्यांनी घाबरू नये. नाचणीची आंबील गार करून घ्यावी आणि जबड्याचा व्यायाम सोडू नये. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून त्या दातांमध्ये सरकवायच्या. सुहास त्या सरकवायचा आणि म्हणायचा, "फोरमनसाहेब, आज प्रॉडक्शन कमी आहे." एक काडी वाढली की रूथ शेजारणीला जाऊन सांगायची.

हळूहळू मी बोलायला लागलो. बोलणं म्हणजे काय, तोंडात चिंधी कोंबून बोलावं तसं. रूथला अर्धं कळायचं. पाळकसाहेब नुसते मान हलवायचे. सुहासला सगळं कळायचं.

उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला. त्या दिवशी वर्षभरात देवाने वाचवलेली माणसं उभी राहून साक्ष देतात, आणि मग प्रभुभोजन असतं. मी सुहासला म्हणालो, "मला त्या दिवशी बोलायचंय. तू शेजारी उभा राहा. मी एकेक वाक्य बोलेन, तू ते मोठ्याने सांग."

तो काड्या धूत होता. "मी चर्चमध्ये येणार नाही."

"दुसऱ्या कोणाला कळत नाही."

"जन्मभर तुम्हीच बोललात, पप्पा. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता आलं नाही. आता माझा आवाज पाहिजे?"

"हो," मी म्हणालो.  "आणि तुझंच सांगायचंय."

तो पुन्हा काड्या धुवायला लागला. रविवारी सकाळी मात्र गाडी घेऊन आला. साधाच निळा शर्ट घातला होता.

रविवार

त्या दरवाज्यातून तो आत आला तेव्हा जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आम्ही पुढे जाऊन उभे राहिलो. माझ्या खांद्यावर लाळ टिपायचा टॉवेल होता. सुहासचे हात खिशात होते.

मी पहिलं वाक्य बोललो. सभेला नुसता घरघर आवाज ऐकू आला असेल.

सुहास म्हणाला, "पप्पा म्हणतात, ते लहानपणापासून मशेरी घासत होते. परवा आजारी पडेपर्यंत."

 मी पुढचं बोललो.

"पप्पा म्हणतात, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते खोटं बोलले. तुम्ही उपास धरलेत, ते खोट्या माणसासाठी धरलेत."

मागच्या बाकावर एलिया उठला आणि बाहेर गेला. मी थांबलो. सुहास हळूच म्हणाला, "बोला." मी बोलत राहिलो, आणि कधीतरी मधेच त्याने 'पप्पा म्हणतात' म्हणायचं सोडून दिलं.

"मी लवंगेखाली वास लपवला. मी इतरांना प्रभुभोजनाच्या या मेजापासून दूर ठेवलं आणि स्वतः दर वेळी घेत राहिलो. माझ्या मुलाकडे जी तंबाखू सापडली ती माझ्याच डब्यातली होती. मी ते सांगितलं नाही."

मी, मी, असं तो म्हणत होता. माझं पाप माझ्या मुलाच्या तोंडून, त्याच्या स्वच्छ आवाजात, त्याचं स्वतःचं असल्यासारखं बाहेर पडत होतं. या मेजासमोर उभा राहून मी जन्मभर लोकांना ख्रिस्ताने दुसऱ्यांचं ओझं वाहिल्याचं समजावलं होतं. ते दिसतं कसं, ते मला त्या दिवशी कळलं. 

मग मी शेवटचं वाक्य बोललो. तेच सांगण्यासाठी मी आलो होतो.

सुहास गप्प राहिला. मी पुन्हा बोललो, हळू, एकेक शब्द तोडून. त्याने माझ्याकडे पाहिलं. पंचांच्या सभेत पाहिलं होतं अगदी तसं. मग सभेकडे वळून म्हणाला, "झालं. एवढंच आहे."

सुहासचं दृढीकरण थांबवणाऱ्या पंचांपैकी एक अजून हयात आहेत. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "आता म्हातारपणी हे सांगून काय मिळवलंत? त्या पोराचा निवाडा आम्ही केला होता. आम्ही कुठे तोंड दाखवायचं?" त्यांचं बरोबर होतं. माझ्या खोट्यात मी त्यांचेही हात बुडवले होते.

भाकर मोडली गेली. पाळकसाहेब ताट घेऊन माझ्याजवळ आले. मी मान हलवली, नको. आम्ही इतरांना जो नियम लावला तो मला लागू होत होता.

"काका," ते म्हणाले, "लायक माणसांसाठी असतं तर हे ताट धरायला मी तरी इथे उभा असतो का?"

पण मला कोरडी भाकर गिळता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुहासला होतं. त्याने ताटातला तुकडा उचलला, प्याल्यात बुडवला, चांगला मऊ होऊ दिला, आणि घरी भरवतो तसा डाव्या गालात, आतल्या बाजूला ठेवला. मग टॉवेलने माझी हनुवटी टिपली. ज्या हाताला मी ही भाकर कधी घेऊ दिली नव्हती, त्याच हाताने ती मला मिळाली.

पाळकसाहेबांनी ताट त्याच्यापुढे धरलं. सुहास साधेपणाने म्हणाला, "माझं दृढीकरण झालेलं नाही."

पाळकसाहेबांनी ताट जरा मागे घेतलं. "मग... वर्ग सुरू होईल पुढच्या महिन्यात."

"बघू," सुहास म्हणाला. तो अजून बघतोच आहे. मी त्याला विचारत नाही. एलिया त्या दिवशी बाहेरच्या नळावर तोंड धूत होता, असं रूथने पाहिलं. मागच्या आठवड्यात त्याचा गाल पुन्हा फुगलेला दिसला. मी त्याला घरी बोलावलं आणि तोंड उघडून आतलं दाखवलं. उपदेश केला नाही, येतही नाही आता.

ते वाक्य

त्या रविवारी परत येताना वडाळे तलावाजवळ सिग्नलला गाडी थांबली. मी सुहासला विचारलं, "शेवटचं का नाही सांगितलंस?"

"कळलं नाही मला."

"खोटं बोलू नकोस."

तो सिग्नलकडे बघत म्हणाला, "राहू द्या ना पप्पा. बाकीचं सांगितलं की सगळं. मम्मी बसली होती समोर."

मागच्या सीटवरून रूथ म्हणाली, "काय चाललंय दोघांचं?"

"काही नाही, मम्मी."

म्हणजे त्याने मला पुन्हा वाचवलं. त्याला ते जड गेलं नाही, कारण तो ते लहानपणापासून करत आला आहे. पण त्याच्या नावावरचा डाग त्या वाक्याशिवाय पुरता पुसला जात नाही. लोक अजून असंच समजतात की बापाचा डबा होता खरा, पण बाप कडक होता, त्याने तत्त्वासाठी केलं. मी तत्त्वासाठी केलं नाही.

झालं ते असं. दृढीकरणाच्या थोडे दिवस आधी एका सकाळी मी कडी लावायला विसरलो. थोड्या वेळाने आत गेलो तर सुहास माझा डबा उघडून उभा होता, बोट काळं. मी हात उगारला. तो घाबरून म्हणाला, "पप्पा, ही तर तुमचीच आहे." त्याने कोणाला सांगेन अशी धमकी दिली नाही. तो तसा मुलगाच नव्हता. त्यानंतर पंचांची सभा भरली आणि मी उठून उभा राहिलो. तंबाखूबाज ठरलेल्या पोराच्या शब्दावर मग कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.

मी क्षमा मिळालेला माणूस आहे, असं आता मी भीत भीत म्हणतो. माझी किंमत माझ्या नावावर नाही, हे मला उशिरा कळलं, म्हणूनच ते नाव इथे सोडून देता येतं आहे. रूथला हे लिहिलेलं मी वाचायला दिलं. तिने वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी आंबील आणून दिली.

पाळकसाहेब, मासिकात जागा कमी पडली तर बाकीचं सगळं कापा. सुहासने जे वाक्य सांगितलं नाही तेवढं ठेवा. ते असं होतं:

माझा मुलगा माझं नाव सांगेल या भीतीने मी त्याचं नाव आधी सांगितलं, आणि तो सभेत गप्प राहून माझ्याकडे बघत होता तेव्हा तो मला वाचवतो आहे, हे मला ठाऊक होतं.